भूत जोलोकियाची खात्रीशीर ओळख कशी पटवावी?

प्रश्न
भूत जोलोकिया (ईशान्य भारतातली अतितिखट मिरची) म्हणून रोपवाटिकेतून आणलेल्या दोन रोपांना आता मिरच्या लागल्या आहेत. एकाच्या बोटाएवढ्या, खडबडीत आणि खाली लोंबणाऱ्या आहेत, तर दुसऱ्याच्या लहान, गुळगुळीत व आभाळाकडे तोंड करून उभ्या. जाळ दोन्हींचा भयंकर आहे. मग जात ठरवण्यासाठी नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १
तिखटपणा बाजूला ठेवून फुले पाहा. पानाच्या बेचक्यात एकेकटे पांढरे फूल येत असेल, तर ते रोप बहुधा कॅप्सिकम ॲन्युअम या मिरचीच्या प्रजातीचे, म्हणजे आपल्या ब्याडगीच्या कुळातले. एकाच बेचक्यात दोन किंवा अधिक फुले लोंबत असतील आणि देठ व हिरवी टोपी यांच्या सांध्यावर कड्यासारखा आवळ दिसत असेल, तर ते कॅप्सिकम चायनेन्स या दुसऱ्या प्रजातीचे. हाबानेरो, स्कॉर्पियन आणि कॅरोलायना रीपर या अतितिखट मिरच्या साऱ्या चायनेन्सच. फळे उभी आणि फुले हिरवट असल्यास फ्रुटेसेन्स ही तिसरी प्रजाती समजावी.

प्रतिसाद २
वरील कसोटी योग्य आहे, पण भूत जोलोकिया तिच्यात चपखल बसेलच असे नाही, कारण ती मुख्यतः चायनेन्स असली तरी तिच्यात फ्रुटेसेन्सचा अंशही आढळला आहे. आसाम, नागालँड व मणिपूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यामुळे फळांच्या आकारातही बराच फरक पडतो. स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) आकड्यांनी तर जात मुळीच ठरत नाही. 2007 साली गिनीज नोंदीत भूत जोलोकिया 10,01,304 होती, 2023 मध्ये पेपर एक्स ही मिरची 26,93,000 ठरली. पण हे त्या-त्या तपासलेल्या नमुन्यांचे आकडे आहेत, आणि पाण्याचा ताण बसला की त्याच जातीची मिरची वेगळ्या तिखटाची निघते. रीपरच्या फळाच्या टोकाची शेपटीही पुरेशी खूण नव्हे. ती प्रत्येक फळाला असतेच असे नाही.

प्रतिसाद ३
एक मिरची हातमोजे घालून उभी चिरा. साध्या मिरचीत जाळ मुख्यतः बियांना धरून ठेवणाऱ्या पांढुरक्या गाभ्यात असतो, तर या अतितिखट जातींत सालीच्या आतल्या भिंतीवरही तेलकट फोड चमकताना दिसतात.

प्रश्नकर्ता
उभ्या मिरच्यांच्या रोपावर प्रत्येक बेचक्यात एकच पांढरे फूल आहे आणि देठाशी आवळ नाही. म्हणजे ती ॲन्युअममधली लवंगीच दिसते. खडबडीत फळांच्या रोपावर मात्र फुले जोडीने आहेत व आवळही स्पष्ट आहे. त्याचे बी धरता येईल का?

प्रतिसाद २
येईल, पण दोन्ही रोपे शेजारी असल्यास संकर होऊ शकतो. म्हणून कळी उमलण्याआधीच तिच्यावर मलमलीची पिशवी बांधा, फळ धरल्यावर ती काढून खुणेसाठी देठाला दोरा बांधून ठेवा आणि फक्त त्याच मिरच्यांचे बी राखा.