शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सुधारित चुली वाटणं थांबवावं का?

खाडीपल्याड (ठाणे): थांबवावं. मलावीत पंख्याच्या चुली देऊन मोठी चाचणी झाली (२०१७), लहान मुलांचा न्यूमोनिया काही कमी झाला नाही. ओडिशात धुराड्याच्या चुलींनी पहिल्या वर्षी धूर घटवला, पुढे देखभाल सुटली आणि फायदा गेला. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची (धुरातल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक पातळी घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. लाकूड जाळून तिथवर कोणती चूल पोचते? चुलींवर जाणारा कंपन्यांचा सीएसआरचा (सामाजिक कामाचा) पैसा १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरच्या रिफिलवर घाला.

मुरबाडी: उज्ज्वलाचं सिलिंडर २०१६ पासून आहेच की. संपलं की कोपऱ्यात, कारण सरपण फुकट. भाकरी आणि आंघोळीचं पाणी तर गॅस असला तरी चुलीवरच. तीन दगडांची चूल जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला देते. आयएस १३१५२ या भारतीय मानकाप्रमाणे बिनपंख्याच्या सुधारित चुलीला किमान २५, पंख्याच्या चुलीला ३५ टक्के लागतात. तेवढ्या मोळ्या कमी वाहाव्या लागतात, हे काय थोडं आहे?

भट्टीवाला: २५ टक्के प्रयोगशाळेतले. रॉकेट चुलीत लाकूड जाळीवर आणि हवा जाळीखालून. त्यात अंगठ्याएवढ्या काटक्याच चालतात. ओंडका कोंबला की हवा बंद, धूर सुरू. जाळी पातळ पत्र्याची असेल तर आधी तीच वाकते, आणि नवी जाळी वेगळी विकत मिळत नाही. भांडं आणि त्याभोवतीचं पत्र्याचं कडं यांत १० ते १५ मिमी फट हवी. जास्त झाली की उष्णता बाजूने निसटते, कमी झाली की ज्योत कोंडते. वर लोक चूल मजबूत व्हावी म्हणून आतून माती थापतात. माती उष्णता पिते! दोन पत्र्यांमध्ये चाळलेली कोरडी राख भरायची असते.

खाडीपल्याड: म्हणजे माझंच म्हणणं झालं. एवढं सांभाळणार कोण? आणि आषाढातलं ओलं लाकूड?

मुरबाडी: ओलं लाकूड तीन दगडांतही धुमसतंच. चुलीवरच्या माळ्यावर आठवडाभराचं रचून ठेवतातच लोक. खरी गोची धुराड्याची. कौलातून पाइप काढला की भोवती गळतं, मग बाई पाइप उपटून भोक बुजवते. पाइपाला पत्र्याची झालर हवी: वरची कड वरच्या कौलाखाली, खालची कड खालच्या कौलावर. तोंड आढ्यापेक्षा उंच, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो.

भट्टीवाला: आणि महिन्याला काजळी झाडायची. झालर, टोपी, झाडणी, एक जास्तीची जाळी यांतलं किती वाटपात येतं, तेवढं विचारा. बहुतेक ठिकाणी नुसती चूल आणि फोटो.