पगार श्रेणीवर की कामगिरीवर? सरकारी नोकरांनो, आपले अनुभव लिहा

आठवा वेतन आयोग जाहीर झाल्यापासून लोकलच्या डब्यात, कँटीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात एकच चौकशी चालू आहे: फिटमेंट फॅक्टर, म्हणजे जुन्या मूळ पगाराला ज्या आकड्याने गुणून नवा ठरतो तो, किती मिळणार? सातव्याला 2.57 मिळाला, आता किती? न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचा आयोग काय द्यायचं ते देईल. मला इथे दुसऱ्याच प्रश्नावर तुम्हाला बोलतं करायचं आहे. तो प्रत्येक आयोगात निघतो आणि थकबाकीच्या हिशेबात हरवून जातो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने कामगिरीवर आधारित प्रोत्साहन रक्कम सुचवली होती. न्यायमूर्ती माथुर यांच्या सातव्या आयोगानेही कामगिरीशी जोडलेला पगार आणा म्हणून सांगितलं. शिवाय केंद्रात 10, 20, 30 वर्षांनी, पदोन्नती नसली तरी वरचा स्तर देणाऱ्या प्रगती योजनेसाठी वार्षिक अहवालातला 'चांगला' शेरा पुरेनासा झाला, 'अतिशय चांगला' लागू लागला. पण महिन्याचा पगार आजही मॅट्रिक्समधल्या, म्हणजे वेतनाच्या तक्त्यातल्या, स्तरावरच ठरतो आणि 3 टक्के वेतनवाढ सगळ्यांना सारखीच.

मी मुंबईतल्या एका कार्यालयात लेखा शाखेत आहे. सेवार्थ या सरकारी पगार प्रणालीवर पगाराची देयकं तयार करते. रात्री आठपर्यंत बसणाऱ्याची आणि सव्वासहाच्या ठोक्याला बॅग उचलणाऱ्याची वेतनचिठ्ठी माझ्याच हाताखालून जाते आणि आकडा एकच असतो. तरीही मी श्रेणीच्या बाजूची आहे. का, ते पुढे लिहीन. आधी तुमचं ऐकायचं आहे. मत नको, घडलेलं लिहा. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव लिहू नका.

लिपिक, उपनगरातलं तहसील कार्यालय

मला कामगिरीवर पगार हवा आहे, अगदी ठामपणे लिहिते. बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दाखल्यांची रीघ लागते. उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रीमीलेअर. अर्ज आता ऑनलाइन येतात, पण कागद माणसालाच वाचावा लागतो. रेशनकार्डावर आईचं नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. दहा वर्षं चाळीत भाड्याने राहिलेल्या माणसाकडे एकही नोंदणी केलेला करार नसतो. मी सगळ्या त्रुटी एकदाच काढते, फोन करून सांगते, अर्ज मार्गी लागतो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आज एक त्रुटी काढतात, ती पूर्ण झाली की दुसरी. पोरगं तीन खेपा घालतं आणि कॉलेजची तारीख निघून जाते.

मग जूनअखेर त्यांच्याकडे साचलेले अर्ज माझ्या लॉगिनला वळवतात. 'तुमचा हात चालतो, मॅडम.' आणि 1 जुलैला वेतनवाढ दोघांनाही तेवढीच.

लोकसेवा हक्क कायदा 2015 ला आला. वेळेत सेवा दिली नाही तर 500 ते 5,000 रुपये दंड आहे. वेळेत दिली तर? त्याचा कायद्याने हिशेब ठेवला असता तर मला एवढं लागलं नसतं. कुणाचा पगार कापा असं मी म्हणत नाही. पण जास्तीचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि लॉगिनवर प्रत्येक अर्जाची तारीख असताना 'मोजता येत नाही' हे कारण मला कुणी सांगू नये.

कक्ष अधिकारी, मंत्रालय

ताई, तुमचं दाखल्यांचं खरं आहे. आमच्याकडे मोजायला जाल तर काय मोजाल ते सांगतो.

ई-ऑफिसमध्ये नस्त्यांचा, म्हणजे फायलींचा, निपटारा आकड्यात दिसतो. माझ्या शेजारच्या कार्यासनाकडे रजा, अग्रिमं, प्रवास देयकं आहेत. तिथे दिवसाला भराभर नस्त्या निघतात. माझ्याकडे न्यायालयीन प्रकरणं. एक शपथपत्र तयार करायला पंधरा-पंधरा वर्षांचे शासन निर्णय चाळावे लागतात, विधी व न्यायचे अभिप्राय घ्यावे लागतात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाऊन बसावं लागतं. महिन्याच्या तक्त्यात ते 'एक' असं दिसतं. अधिवेशनात तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी आल्या की बाकी सगळं थांबतं, त्या कामाचा तर रकानाच नाही. 21 जून 2012 च्या मंत्रालयातल्या आगीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रती मागवून आम्ही जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या केल्या. ते काम कोणत्या उद्दिष्टात बसलं असतं?

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या सवलतीचा एक प्रस्ताव माझ्याकडे आला. वरून निरोप होता की सकारात्मक सादर करा. कागद वाचले, अटींचा भंग स्पष्ट होता. मी टिपणी लिहिली: 'प्रस्ताव विद्यमान धोरणाच्या चौकटीत बसत नाही, सबब अमान्य करण्यास हरकत नसावी.' साहेबांनी बोलावलं. टिपणी बदलायला सांगितली नाही, फक्त म्हणाले, 'नीट विचार केला आहेस ना?' मी हो म्हणालो. नस्ती वर गेली, पुढे काय व्हायचं ते झालं, पण माझी सही माझ्या मताखाली राहिली. त्या महिन्यात पगार तेवढाच आला, जुलैला वेतनवाढही आली. त्याच साहेबांच्या हातात माझ्या पगाराचा पाचवा हिस्सा असता तर? मी तीच टिपणी लिहिली असती असं मला वाटतं. पण घरी कर्जाचे हप्ते असलेल्या प्रत्येक सहायकाकडून मी तशी अपेक्षा करू शकत नाही.

विलंबाबद्दल सांगायचं तर दिरंगाई रोखणारा राज्याचा 2005 चा कायदा आहेच. नस्ती 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त टेबलावर ठेवायची नाही. आधी तो तरी पाळा आणि पाळायला लावा.

निवृत्त सीनियर टेक्निशियन, रेल्वे कारखाना

सरकारात कामावर पैसे नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी कारखान्यात येऊन बघावं. आमच्याकडे इन्सेंटिव्ह फार जुना, चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याच्या पद्धतीचा. प्रत्येक कामाला ठरलेला वेळ. रेट फिक्सर घड्याळ घेऊन उभा राहतो, टाइम स्टडी करतो आणि वेळ बांधून देतो. तो असा बांधलेला असतो की बेताच्या हाताच्या कामगारालाही वर 33 टक्क्यांच्या आसपास मिळावेत. कमाल मर्यादा 50 टक्के.

माझं घर त्या पैशावर चढलं, मी त्याला वाईट म्हणणार नाही. मुलीचं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं. पण आत काय चालतं तेही ऐका. बोगीच्या ब्रेक हँगरची पिन काढली की बुश, म्हणजे पिनेभोवतीची झिजणारी नळी, दिसतो. गेज लावला की कधी कधी तो अगदी काठावर असतो, आज चालेल, पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत चालेलच असं नाही. बदलायचा तर प्रेस लावा, जुना काढा, नवा बसवा. ठरलेल्या वेळेत ते धरलेलंच नसतं. आमचे मिस्त्री अशा वेळी एकच विचारायचे, 'ह्या डब्यात तुझा पोरगा बसणार आहे का?' बुश बदलला जायचा आणि त्या दिवशीचा इन्सेंटिव्ह गँगचा कमी यायचा. कुणी कुरकुरायचं, पण मिस्त्रींपुढे नाही. दुसऱ्या गँगला तसा मिस्त्री नव्हता. तिथे सगळी भिस्त इन्स्पेक्टरवर.

दुसरं म्हणजे 50 टक्के झाले की हात आपोआप सैल. त्यापुढे मरायचं कशाला? आणि क्रेनवाला, स्टोअरवाला, टूलरूमवाला यांना आमच्याएवढं मिळायचं नाही. त्यांनी एक तास उशिरा माल दिला की आमचा दिवस गेला. भांडणं व्हायची ती ह्याच्यावरूनच.

म्हणून म्हणतो, वस्तू एका दारातून आत येते, दुसऱ्या दारातून बाहेर जाते आणि मध्ये तिसरा माणूस ती पास करतो, तिथे हे चालतं. मंत्रालयातल्या साहेबांच्या नस्तीला रेट फिक्सर कुठून आणणार?

लेखा शाखा (धागा सुरू करणारी)

काका, मिस्त्रींचं वाक्य मी उद्या कार्यालयात सांगणार आहे. इथे माझी बाजू थोडी मांडते. पगार कापण्याचे आदेश माझ्याकडे अंमलासाठी येतात, त्यामुळे एक गोष्ट रोज दिसते. ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावर कारवाई लवकर होते. कामगिरीचे पैसे त्याच वाटेने जातील ही मला भीती आहे. पुढे लिहा.

पोलीस हवालदार

आमच्याकडे उघडकीचं प्रमाण बघतात. दाखल किती, उघड किती. प्रमाण वाढवायचे दोन मार्ग: जास्त गुन्हे उघड करा किंवा कमी दाखल करा. दुसरा सोपा. गर्दीत मोबाइल मारला गेला तर चोरीऐवजी 'गहाळ' म्हणून लिहून घेतला की दाखल आकड्यात येतच नाही. तक्रारदाराला विम्यासाठी, सिमकार्डासाठी कागद मिळतो, तो जातो. हे आज पगाराचा संबंध नसताना घडतं. उद्या त्यावर पैसे लावले तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या बाईचं काय होईल याचा विचार करा.

मला पैसे हवेतच, पण ते बंदोबस्ताचे हवेत. गणपतीत लागोपाठ ड्युटी होते, साप्ताहिक सुट्ट्या जातात, त्याचा चोख मोबदला द्या. तास मोजायला सोपे आहेत आणि त्यात कुणाचं नुकसान नाही.

सरकारी बँकेतली अधिकारी

आमच्याकडे नोव्हेंबर 2020 च्या करारापासून पीएलआय, म्हणजे कामगिरीशी जोडलेली प्रोत्साहन रक्कम, आहे. बँकेचा कार्यकारी नफा वाढेल त्या टप्प्यांनुसार 5, 10 किंवा 15 दिवसांचा पगार, आणि तो शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांना. शाखेत कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही, कारण पैसा सगळ्या बँकेचा मिळून आहे. नंतर वरच्या श्रेणींच्या अधिकाऱ्यांसाठी वैयक्तिक कामगिरीवरची योजना आली आणि संघटनांनी कडाडून विरोध केला. मार्च 2025 साठी पुकारलेल्या आणि मग पुढे ढकललेल्या संपाच्या मागण्यांत तो मुद्दा होता. मी त्या विरोधात मनापासून सामील होते. वैयक्तिक टार्गेट म्हणजे पेन्शन काढायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात विमा, हे आम्ही विमा विकताना पाहिलेलं आहे.

मुकादम, घनकचरा, महापालिका

दिवाळीला पालिकेत सानुग्रह अनुदान सगळ्यांना सारखं असतं. 2024 ला 29,000 जाहीर झाले होते. ते बरोबर आहे. माझ्याकडच्या एका बीटात मंडई येते, दुसऱ्यात झाडांची शांत गल्ली. दोन्ही झाडणाऱ्यांना एकाच पट्टीने कसं मापणार? पावसाळ्यात मोठ्या भरतीला समुद्र सगळा कचरा चौपाटीवर आणून टाकतो. त्या दिवशी किलोवर मापाल तर चौपाटीवाले पहिले, आणि स्वच्छतेवर मापाल तर शेवटचे. माणसं तीच, घाम तोच.

कामचुकार आहेत. सकाळी चौकीवर हजेरी लावून गायब होतात. त्याला नियम आहेत, मी गैरहजेरी लिहितो. लिहिल्यावर फोन येतात, तो वेगळा विषय.

शिक्षिका, महापालिका शाळा

निकालावर पैसे ही कल्पना नवी नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान परीक्षेच्या निकालावर मिळायचं, आणि 1882 च्या हंटर आयोगापुढे त्यावर बराच ऊहापोह झाला होता. निकालावर पोट अवलंबून असलेला मास्तर काय करेल? जी मुलं पास होणार त्यांच्यावर मेहनत घेईल.

माझ्या वर्गातली काही मुलं मे महिन्यात गावी जातात ती शेतीची कामं आटोपल्यावर येतात. एक मुलगी सकाळी धाकट्या भावाला सांभाळते, म्हणून दुसऱ्या तासाला येते. मराठी वाचायला ती माझ्यापाशी शिकली, मधल्या सुट्टीत, जिन्याच्या पायरीवर बसून. चाचणीत ती अजून 'मागे' आहे. तिच्यामुळे माझा पगार कमी होणार असता तर तिला वर्गात घ्यायला कुणीही उत्सुक नसतं, आणि हे मुलांना लगेच कळतं.

कंत्राटी लॅब टेक्निशियन, सरकारी रुग्णालय

तुम्ही सगळे श्रेणी की कामगिरी म्हणता आहात. आम्हाला दोन्ही नाही. 11 महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग नवी ऑर्डर. शेजारच्या खुर्चीवरचे कायम आहेत. डेंग्यूच्या दिवसांत रांग बाहेरच्या जिन्यापर्यंत येते, नमुने दोघांनाही तेवढेच असतात, रात्रपाळीही तशीच. त्यांचा महागाई भत्ता वाढला की विभागात पेढे येतात, मीही खाते. मला बक्षीस नको. मॅट्रिक्समधलं सगळ्यात खालचं घर चालेल, पण घर हवं.

निवृत्तीला आलेला अभियंता

कामगिरी शेवटी ठरते ती गोपनीय अहवालावर, म्हणून त्याबद्दल लिहितो. मला एका वर्षी 'ब' मिळाला. ते वर्ष मी पुलाच्या कामात मापं नाकारण्यात घालवलं होतं. ठेकेदाराने स्लॅबचं काँक्रीट कागदावर जास्त दाखवलं होतं, मी मापन पुस्तिकेत प्रत्यक्ष मोजलं तेवढंच लिहिलं. शेरा होता: 'संघभावना कमी.' तो मला कळवलाच नाही. पदोन्नतीच्या यादीत नाव दिसलं नाही तेव्हा समजलं.

सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा देव दत्त निकाल प्रत्येक सरकारी नोकराने वाचावा. सीमा रस्ते विभागातल्या त्या कार्यकारी अभियंत्याला 'चांगला' शेरा होता, पदोन्नतीला लागायचा 'अतिशय चांगला', आणि कळवलं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. मी त्याचा आधार घेऊन प्रती मागितल्या, मापन पुस्तिकेची पानं जोडून अभिवेदन दिलं. शेरा उंचावून मिळाला. पण तोवर माझ्यामागचे दोघे पुढे गेले होते आणि गेलेली ज्येष्ठता कुणी परत दिलेली नाही. त्यासाठी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज केला आहे, पुढची तारीख लागायची आहे. ज्यांना शेऱ्यांवरून आमचा पगार ठरवायचा आहे त्यांनी आधी हे शेरे वर्षाच्या वर्षाला, लेखी, हातात द्यावेत.