का लोको धरण : 'कमी धोका' ही श्रेणी कशावरून ठरवावी?

वसुधा : हवाईतील काउआई बेटावर 1890 मध्ये बांधलेले का लोको हे मातीचे धरण 14 मार्च 2006 च्या पहाटे फुटले, आणि खाली वायलापा ओढ्याच्या काठी राहणारे सात जण मृत्युमुखी पडले. धरण खासगी मालकीचे होते. राज्याच्या यादीत त्याची नोंद 'कमी धोका' अशी होती. ही श्रेणी भरावाची प्रकृती सांगत नाही, तर धरण फुटलेच तर खाली किती हानी होईल एवढेच सांगते. खाली माणसे राहत असताना ती नोंद तशीच राहिली, हा माझा मुख्य आक्षेप आहे. ओढ्याकाठी घराला परवानगी देतानाच वरच्या धरणाची श्रेणी तपासली जावी आणि तो खर्च मालकाने सोसावा.

अनिरुद्ध : हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 2007 च्या चौकशी अहवालानुसार धरणाला सांडवाच उरला नव्हता, तो बहुधा बुजवला गेला होता. कित्येक आठवडे पाऊस कोसळत असताना जादा पाण्याला वाट नसेल, तर ते माथ्यावरून वाहते, उताराची माती खरवडत जाते आणि थोड्याच वेळात भरावाला खिंडार पडते. श्रेणी 'उच्च' असती तरी पाण्याने हेच केले असते. शिवाय खाली कोणी घर बांधले म्हणून वरच्या मालकावर खर्च लादला, तर तो तलाव रिकामा करून मोकळा होईल आणि त्या पाण्यावरचे शेतकरी उघड्यावर पडतील.

मृणाल : पाण्याला श्रेणी कळत नाही हे खरे, पण तपासनीसाला कळते. फुटेपर्यंत राज्याने या धरणाची तपासणीच केलेली नव्हती. बांधावर पाऊल ठेवणारा कोणताही अभियंता आधी सांडवा कुठे आहे हेच विचारतो. आपल्याकडेही 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याची कक्षा मुख्यतः उंचीवर ठरते : 15 मीटरपेक्षा उंच धरणे, आणि 10 ते 15 मीटरमधली असतील तर लांबी, साठा, पूरविसर्ग अशा अटींत बसणारी. खाली वस्ती आहे का, हा प्रश्न त्या अटींत नाहीच.

अनिरुद्ध : प्रत्येक बांधाला ती कक्षा लावली, तर तपासायला माणसे कुठून आणणार? मालकाला जबाबदार धरणे अधिक परिणामकारक ठरते. का लोकोच्या मालकाने 2013 मध्ये खटला न लढवता निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचा आरोप स्वीकारला आणि 2014 मध्ये त्याला सात महिन्यांची कैद झाली.

वसुधा : दुर्घटनेनंतर आठ वर्षांनी! एवढ्या धाकाने कोणता मालक बुजलेला सांडवा उकरून काढेल? सगळे बांध तपासा असे मी म्हणत नाही. खाली घर उभे राहिलेले तेवढेच आधी तपासा. विनापरवाना घरे मात्र माझ्या सूचनेतून सुटतात, त्यांच्यासाठी ओढ्याकाठची पाहणी वेगळी करावी लागेल.