मदत हवी आहे: मोठा भाऊ सुटतोय, कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

मोठा भाऊ पुढच्या महिन्यात येरवड्यातून सुटतोय. शिक्षा पूर्ण, अपील वगैरे बाकी नाही. आधी टेम्पो चालवायचा, आत सुतारकाम शिकलाय. आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडला, बँक खातं तसंच पडून आहे, लायसन्स संपून चार वर्षं झाली. राहायला आमच्याकडेच येईल. आधी काय उरकायचं?

कागदी घोडा:
निकालात दंड आहे का आणि तो भरलाय का, हे आजच बघा. दंड थकला तर त्यापोटीची कैद वाढते आणि तारीख पुढे जाते. सुतारकामाचा दाखला त्याला आतूनच मागायला सांगा, नंतर तेवढ्यासाठी खेपा पडतात. गेटवर सुटकेच्या दाखल्यावरचं नाव आधारशी ताडून घ्या. एक वेलांटी चुकली तरी पुढे खिडकीखिडकीवर अडवतात. मजुरीची शिल्लक आणि जमा सामान मोजूनच सही.

मग सिम. ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते, म्हणजे तुमचे ओटीपी परक्याच्या फोनवर. नवं सिम अंगठा लावून मिळतं. ते घेऊन थेट आधार केंद्रावर. नंबर बदलायला कागद लागत नाहीत, पण रंधा मारून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतील तर मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी बुबुळ स्कॅन करायला सांगा आणि बायोमेट्रिकही तिथेच अपडेट करा.

बँक त्यानंतर. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, केवायसी दिली की सुरू होतं. त्याचे पैसे लागत नाहीत, किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. काउंटरवर कोणी मागितलाच तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा म्हणावं. जुना नंबर काढायला विसरू नका.

स्टेपनी:
मुदत संपून वर्ष उलटलं की लायसन्सला पुन्हा टेस्ट द्यावी लागते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १-ए, म्हणजे वैद्यकीय दाखला. रिक्षाच्या बॅजच्या भानगडीत आत्ता पडू नका, तिथे पोलीस पडताळणी आहे.

धागाकर्ता:
आणि कामावर मालकाला सांगायचं का?

कागदी घोडा:
फॉर्मवर विचारलं असेल तर खरं लिहायचं. खटल्यांची माहिती न्यायालयांच्या ई-कोर्ट साइटवर सापडते, आणि नोकरी जाते ती बहुतेकदा लपवल्यामुळे. न विचारता गावभर सांगायची गरज नाही. माझं मत विचाराल तर लायसन्स होईपर्यंत फर्निचरवाल्याकडे रोजंदारी बरी. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ड्रिल एवढं स्वतःचं असलं की काम लवकर मिळतं. हत्यारांच्या खर्चासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (सुटलेल्या कैद्यांचं पुनर्वसन बघणारे) भेटा, ते महिला व बालविकास कार्यालयात बसतात. सुटकेच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स न्या, मूळ प्रत कुणालाही देऊ नका. वकील लागला तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण.