मदत हवी आहे: लांब केसांच्या कोरड्या टोकांना कोणतं तेल लावू?

माझे केस कमरेपर्यंत आहेत. मुळाशी ठीक, पण खालचा वीतभर भाग काथ्यासारखा झालाय. विंचरताना गुंता होतो, टोकांना फाटे फुटलेत. फार जपून वाढवलेत, त्यामुळे जास्त कापायचे नाहीत.

सध्या धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावते. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे माहीत आहे. तरी वाळल्यावर केस ताठच वाटतात. एरंडेलही लावून पाहिलं, पण ते इतकं चिकट की दोनदा शाम्पू करावा लागला आणि कोरडेपणा उलट वाढला!

तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. मग धुतल्यावर केस ओलसर असतानाच टोकांना बदामाच्या किंवा जोजोबाच्या तेलाचे दोन-तीन थेंब लावले तर फरक पडेल का? केस तेलकट दिसतात का? आणि खोबरेलात एरंडेल मिसळायचं तर किती?

ज्यांचे केस खरंच लांब आणि कोरडे आहेत, त्यांनी स्वतःचा अनुभव सांगा प्लीज. टाळूचा काही त्रास नाही, फक्त टोकांसाठी हवंय.