कृत्रिम पाऊस: अठरा टक्के आणि अठरा पैसे

तर्कट:
पावसाने दडी मारली की कृत्रिम पावसाची मागणी येतेच. २००३, २०१५, २०१९ असे प्रयोग राज्याने केले. २०१९ला मंत्रिमंडळाने ३० कोटी मंजूर केले होते. समर्थक आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा सोलापूरचा अभ्यास पुढे करतात: २०१८-१९च्या पावसाळ्यांत २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराइड या क्षाराच्या नळकांड्या पेटवून फवारणी केली, काही तसेच सोडले. फवारणीच्या जागेपासून वारा वाहतो त्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. अभ्यास चोख आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण त्यातून 'सरकारने विमानं उडवावीत' हे सिद्ध होत नाही. १८ टक्के कशाच्या? जो ढग बरसायच्या बेतात आहे त्याच्या. दुष्काळात तसे ढगच नसतात, आणि शून्याचे १८ टक्के शून्यच.

सोयाबीनवाला:
एसीत बसून शून्याचा हिशोब सोपा आहे हो. आमच्याकडे ऑगस्टात आभाळ भरून येतं आणि तसंच पुढे सरकतं. ढग असतात, पडत नाहीत. शेंगा भरताना एक पाऊस हुकला की दाणा ज्वारीएवढा राहतो. तेवढा एक पाऊस पाडता येत असेल आणि शास्त्रज्ञच 'येतो' म्हणत असतील, तर अडतंय कुठे?

निवृत्त कृषी सहायक:
सोयाबीनवाल्यांशी सहमत. विज्ञान आपल्या बाजूने नसेल तेव्हा 'पुरावा दाखवा' आणि असेल तेव्हा 'पुरावा पुरेसा नाही', हे बरं आहे!

तर्कट:
पुरावा मान्य करूनच बोलतो. त्याच अभ्यासात खर्चही दिलाय: लिटरला १८ पैसे. आता एका एकरावर १० मिमी पाऊस म्हणजे साधारण ४० हजार लिटर. झाले एकरी सात हजारांवर. दहा मिमीचे! ३० कोटींत या भावाने १६७ कोटी लिटर मिळेल, म्हणजे ०.०६ टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसी आहे.

निवृत्त कृषी सहायक:
स्वतःचं विमान असेल तर खर्च निम्म्याहून खाली येईल, हेही तिथेच म्हटलंय. ते सोयीस्कर गाळलंत.

तर्कट:
धरा निम्मा. एकरी साडेतीन हजार. आणि पाऊस सातबारा बघून पडत नाही. निम्मा माळावर आणि डांबरी रस्त्यावर जाणार.

हवामानवेडा:
इस्रायलचं कुणी बोलत नाही. कित्येक दशकं हेच करणारा देश. त्यांनी २०१३ ते २०२० नव्याने तपासलं, वाढ निघाली १.८ टक्के, तीही योगायोगापासून वेगळी काढता येईना. कार्यक्रम बंद.

निवृत्त कृषी सहायक:
त्यांचे ढग हिवाळ्यातले, फवारणी सिल्व्हर आयोडाइडची. आपले मोसमी. तिथलं अपयश इथे चिकटवू नका.

हवामानवेडा:
कबूल, तुलना ताणली जाते. पण मग सोलापूरचे १८ टक्के तरी मराठवाड्याला, विदर्भाला कसे चिकटवता? आणि माझा खरा राग वेगळाच आहे. आयआयटीएमने चिठ्ठी टाकल्यासारखे काही ढग मुद्दाम सोडले, म्हणून फरक कळला. सरकारी मोहिमेत दिसेल त्या ढगात फवारणी. मग पाऊस पडला की 'आमच्यामुळे', नाही पडला की 'ढग योग्य नव्हते'. कोट्यवधी खर्चून कळलं काय?

सोयाबीनवाला:
म्हणजे माझ्या वावरावरचा ढग मुद्दाम सोडून द्यायचा? हे गावात येऊन सांगा, चहा पाजतो.

तर्कट:
येतो. पण ते ३० कोटी शेततळ्यांच्या अस्तरीकरणाला द्या, ऑगस्टात एक संरक्षित पाणी तुमच्या हातात राहील.

सोयाबीनवाला:
शेततळं आहे माझं. भरायला जूनमध्ये पाऊस लागतो.