मदत हवी आहे : वंशावळीचं काम रखडलंय, पसारा आवरत नाही

लालबागकर
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. घरची वंशावळ करायला घेतलीय, पणजोबांच्या मागे जायचंय. मोबाईलमध्ये कागदांचे ढीगभर फोटो, वह्या वेगळ्या, व्हॉट्सॲपवर चुलत्यांनी पाठवलेलं वेगळंच आणि त्यात लांबलचक ऑडिओ, कुठला कागद कोणाचा तेच आता कळत नाही. गोविंद दोन होते की तीन यावर गाडी अडलीय. आधी रात्री जागून करायचो, आता फोल्डर उघडायचा पण कंटाळा येतो. दिवाळीत सगळे गावी जमणार, तेव्हा दाखवतो म्हणून मी सांगून बसलोय. नीट लावायची पद्धत सांगा, ॲप असेल तर उत्तम. आणि प्लीज 'हळूहळू होईल' नको, ते बायको रोज सांगते.

निवृत्त तलाठी
गाव, तालुका, जिल्हा काहीच लिहिलं नाहीत. कागद कसले आहेत तेही नाही. सातबारा, फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद), कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूचं रजिस्टर), शाळेचे दाखले की आणखी काही? सांगा म्हणजे बोलता येईल.

खटपट्या
कुणबी जातीच्या दाखल्यासाठीच चाललंय ना? मग १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्याच्या मागे लागा, बाकी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर होते. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी जुन्या नोंदी स्कॅन करून वेबसाइटवर टाकल्यात, तिथे बघा.

लालबागकर
नाही हो, दाखल्याचा काही विषय नाही. हौस आहे. कागद सगळ्या प्रकारचे आहेत म्हणून तर गोंधळ आहे.

शीटसम्राट
एक्सेल. विषय संपला. एका ओळीत एक माणूस, कॉलम म्हणजे नाव, वडील, आई, जन्म, मृत्यू, गाव, पुरावा. फिल्टर लावला की सगळे गोविंद एका रांगेत उभे. मी आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या अशाच केल्यात.

आडवाटेची
@शीटसम्राट दोन बायका, दत्तक गेलेला मुलगा, मुलीची सासरची शाखा हे एका ओळीत कसं बसवता? मी पण एक्सेलनेच सुरू केलं होतं आणि तिसऱ्या पिढीला सोडलं. ग्राम्प्स घ्या, वंशावळीचंच सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, देवनागरी चालतं, प्रत्येक माणसाला आपोआप नंबर पडतो आणि कागदाचा फोटो त्याच माणसाला जोडता येतो. उद्या दुसरीकडे न्यायचं तर गेडकॉम फाईल निघते, ती वंशावळीच्या बाकी सॉफ्टवेअरमध्ये पण उघडते.

शीटसम्राट
दत्तकासाठी एक कॉलम वाढवायचा, त्यात काय एवढं. ग्राम्प्स शिकण्यातच दिवाळी जाईल त्यांची.

आडवाटेची
मग जन्मदाता बाप कुठल्या कॉलमात आणि दत्तक बाप कुठल्या? आणि त्याच्या पोरांनी कोणाचं नाव लावायचं?

गावाकडचा पाहुणा
भांडू नका. माझ्या काकांनी सगळं एका लांब कागदावर पेन्सिलीने काढलं होतं, जत्रेला भिंतीवर लावलं की लोक येऊन स्वतःच चुका सांगायचे. कुठलं सॉफ्टवेअर हे करून दाखवेल?

पणजीवाला
आजोबा गोव्यात जन्मलेले असतील तर एक सांगतो, १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा जन्म असला तर तिकडच्या सिव्हिल रजिस्ट्रेशनमधून जन्माची नोंद काढायची, ती पोर्तुगालमध्ये दाखल करायची, मग मुलं-नातवंडांना पण पासपोर्टचा मार्ग असतो. आमच्याकडे निम्मं गाव हेच करतंय.

लालबागकर
अहो गोव्याचा काय संबंध! आमचं राजापूर तालुक्यात आहे. पणजोबा गिरणीत आले, आजोबा गिरणीत, बाबा पण ८२ च्या संपापर्यंत. गावच्या कागदांवर आडनावच नाही, नुसतं 'गोविंद बिन रामा' (म्हणजे रामाचा मुलगा), आणि मुंबईच्या कागदांवर आडनाव आहे. हे दोन्ही गोविंद एकच का हा माझा प्रश्न.

निवृत्त तलाठी
आता कसं बोललात. हे आधी सांगितलं असतंत तर गोवा वाचला असता.

राजापूरकडे तुमचे लोक खोताची (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) कुळं असतील तर मालकाच्या रकान्यात शोधून काही मिळायचं नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधीचं नाव कुळाच्या रकान्यात नाहीतर सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत 'जमीन करणाराचे नाव' लिहितात तिथे सापडेल. नंतरच्या काळासाठी वारस फेरफार काढा. माणूस मेला की वारसाची नोंद होते, त्यात मयताचं नाव आणि सगळे वारस येतात, बऱ्याचदा मुलीसुद्धा. एक गोविंद मेला तेव्हा त्याचे मुलगे कोण ते तिथे कळलं की दुसरा गोविंद आपोआप बाजूला होतो. जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ ला, म्हणजे कोतवाल बुकात. तहसीलीच्या रेकॉर्ड रूमला लेखी अर्ज करा, तोंडी विचारलंत तर 'नाही' असंच उत्तर येतं.

मोडीवाली
जुनं सगळं मोडीत असणार, वाचता येतं का? आणि तारखा कुठल्या जुन्या कालगणनेत आहेत, शके, फसली की अरबी? शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत ५९०, अरबीत ५९९.

शुद्धलेखन पोलीस
@मोडीवाली अर्धवट माहिती नको. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर शकात ७९ मिळवायचे. बाकीच्या दोन्हींचं वर्ष पण जानेवारीत बदलत नाही, त्यामुळे तिथेही एकाचा फरक पडतो.

मोडीवाली
मान्य. म्हणून तर शके लिहिलंय तसंच ठेवायचं आणि इसवी शेजारी लिहायचं, मूळ खोडून नाही.

लालबागकर
मोडी येत नाही. एका कागदावर शके १८१८ आहे एवढं चुलत्याने कोणाकडून तरी वाचून घेतलंय. पण मंडळी, मी विचारलं होतं पसारा कसा लावू आणि मन कसं लागेल, तुम्ही मला आणखी कागद आणायला सांगताय!

आडवाटेची
बरोबर आहे त्यांचं. दादा, नवीन कागद आणणं बंद करा. आहेत त्या फोटोंना नावं द्या, 'आयएमजी' काहीतरी नको, वर्ष, गाव, कागदाचा प्रकार, माणूस. आणि कुठून मिळाला ते लिहा, चुलत्याच्या ट्रंकेतला की तहसीलीतला, सहा महिन्यांनी तेच आठवत नाही. जिथे शोधलं आणि काही सापडलं नाही त्याची पण नोंद ठेवा, नाहीतर तेच रजिस्टर परत चाळत बसाल. माणसांना नंबर द्या. गोविंद क्र. १२, गोविंद क्र. ३१, एकच आहेत हे सिद्ध होईपर्यंत वेगळेच ठेवायचे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे आपल्याकडे हे होणारच.

मन लागायचं म्हणाल तर अख्खं घराणं डोक्यावर घेऊ नका. दिवाळीपर्यंत एकच प्रश्न, गोविंद एक की दोन. बाकी पेटी बंद.

शीटसम्राट
हे सगळं एक्सेलमध्ये पण होतं, फक्त सांगतोय.

खटपट्या
डीएनए टेस्ट करा ना सरळ, थुंकी पाठवायची, घरपोच रिपोर्ट.

आडवाटेची
थुंकीत गोविंदचं नाव लिहिलेलं नसतं.

गिरणगावची सून
मला वाटतं तुमच्या घरात एक फाईल असेल ती तुम्ही यात धरलीच नाहीये. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचा फॉर्म भरताना आमच्याकडे गिरणीचा तिकीट नंबर, हजेरीचा पास, ईएसआय (कामगार विमा) कार्ड सगळं कपाटातून बाहेर आलं होतं, सासऱ्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंय. त्यात नाव, बापाचं नाव, कधीकधी गाव पण मिळतं. आडनाव कधी लागलं हे तिथेच कळेल, गावच्या कागदात नाही.

आणि शके १८१८ म्हणजे १८९६, त्याच साली मुंबईत प्लेग आला आणि लोक गावाकडे पळाले. तुमचा मुंबईवाला गोविंद त्या वर्षी गावी असू शकतो, म्हणजे दोन्ही कागद एकाच माणसाचे असणं अशक्य नाही.

लालबागकर
ओह. फाईल आहे! आईच्या कपाटात, मी ती कधी यात धरलीच नव्हती कारण ती 'घराची फाईल' आहे.

गावाकडचा पाहुणा
राजापूर म्हणजे गंगेचं ना, तो अधूनमधून फुटणारा झरा? उन्हाळे गावात आलीय का सध्या? तीन वर्षांनी येते म्हणतात पण हल्ली कधीही येते.

निवृत्त तलाठी
विषयावर राहा. घरात कोण वडीलधारं आहे? त्यांना विचारलंत?

लालबागकर
आत्याआजी आहे, नव्वदीच्या पुढे, गावीच असते. तिला आधी कागद नीट लावून मग विचारणार होतो, म्हणजे एकदाच काय ते विचारता येईल.

गिरणगावची सून
उलटं करा हो. आधी तिच्याकडे जा, कागद कुठे पळत नाहीत.

निवृत्त तलाठी
ताई, पळतात. मी नोकरीत वाळवीने खाल्लेली कोतवाल बुकं पाहिलीत, वरचं पान उचललं की भुगा. दोन्ही एकदमच करा. आजींना तारखा विचारू नका, त्या सांगता येत नाहीत, 'तुझं लग्न झालं तेव्हा गोविंद होता का' असं विचारा. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, तिच्या आईने बघितली असेल, त्या साथीत घरातलं कोण गेलं ते विचारा. माझ्या गावच्या बुकात त्या एका वर्षाची पानं इतर वर्षांपेक्षा कितीतरी जाड आहेत.

लालबागकर
काल रात्री व्हिडिओ कॉल केला. आजी म्हणते एक गोविंद तिचा चुलत काका, तो चुलत घरात दत्तक गेला, म्हणून त्याच्या बापाचं नाव एका कागदावर रामा आणि दुसऱ्यावर भिवा. मी तीन धरत होतो तिथे दोनच निघाले. मुंबईवाला गोविंद वेगळा, तो तिचा आजोबा. प्लेगच्या वेळचं तिला काही माहीत नाही. आता हे एक्सेलमध्ये टाकू का ग्राम्प्समध्ये?

शीटसम्राट
एक्सेल.

आडवाटेची
दत्तक आला की मी काय म्हणाले होते?

मोडीवाली
तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. १८१८ चा कागद पाठवा, वाचून देते. फोटो उजेडात सपाट धरून काढा, कडा कापू नका, मागच्या बाजूला शेरा असला तर तो पण.